काकांचं लिपिड प्रोफाइल आणि टाचेवरचा मेलानोमा: खरंच संबंध असतो का?

शेवंती
नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझे काका, वय ६३, सातारा जिल्ह्यात शेती करतात. उजव्या टाचेवर काळा डाग होता. घरात सगळे त्याला भोवरी म्हणायचे. एका दवाखान्यात ती भोवरी म्हणून खरवडूनही झाली. परत आली, मग चिघळली. शेवटी कोणीतरी तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: अ‍ॅक्रल लेंटिजिनस मेलानोमा (तळपाय, तळहात किंवा नखाखाली होणारा त्वचेचा कॅन्सर), ब्रेस्लो जाडी ३.४ मिमी, व्रण आहे. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २८४, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३१, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८ निघालं.

चुलतभावाने इंटरनेटवर कुठेतरी वाचलं की ज्यांच्या रक्तात चरबी जास्त त्यांचा मेलानोमा जाड असतो. तेव्हापासून घरात वेगळाच गोंधळ. काकूने तूप, शेंगदाणे, खोबरं सगळं बंद केलंय. काका भाकरीबरोबर नुसतं वरण खातात आणि चिडचिड करतात. भावाचं म्हणणं, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) लगेच सुरू करा, कॅन्सर पसरणार नाही. कोलेस्टेरॉल आणि त्वचेचा कॅन्सर यांचा खरोखर काही संबंध आहे का? इथे बरेच डॉक्टर आहेत म्हणून विचारते. उपचार चालू आहेत, सल्ला तिथल्याच डॉक्टरांचा ऐकणार आहोत.

काचपट्टी
काकांना लवकर आराम पडो. मी पॅथॉलॉजीत आहे, दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली हेच बघतो. आधी 'जाडी' म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण पुढचा सगळा वाद त्या एका आकड्यावर उभा आहे.

अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने १९७० साली दाखवलं की मेलानोमाचा रुग्ण किती वाचेल हे गाठ किती रुंद आहे यापेक्षा ती किती खोल गेली आहे यावर जास्त ठरतं. मोजायची पद्धत साधी. त्वचेच्या वरच्या भागातल्या कणीदार थरापासून सुरुवात करायची आणि सगळ्यात खोलवर सापडलेल्या कर्कपेशीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं. तळपायाच्या वरची जी जाड मृत कातडी असते ती यात धरत नाहीत, तेव्हा 'टाचेची कातडी जाड म्हणून आकडा मोठा आला' असं समजू नका. व्रण असेल तर व्रणाच्या तळापासून मोजतात.

जाडीवरून गाठीची श्रेणी ठरते: १ मिमीपर्यंत टी१, १ ते २ टी२, २ ते ४ टी३, त्यापुढे टी४. व्रण असला की पुढे 'बी' लागतो. म्हणजे काकांची गाठ टी३बी. हा काही शेवटचा निकाल नव्हे. काखेतल्या किंवा जांघेतल्या पहिल्या लसिकागाठीत (लिम्फ नोडमध्ये) काय सापडतं त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. टाच असल्यामुळे इथे जांघेतली गाठ बघतील.

एक गोष्ट धाग्यावरच्या सगळ्यांनीच ध्यानात घ्यावी. या जाडीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: गाठ किती वेगाने वाढली आणि ती किती काळ कोणाच्या लक्षात आली नाही. काचपट्टीवर मला फक्त बेरीज दिसते.

साजूक
म्हणजे तूप निर्दोष सुटलं ना? मला एवढंच ऐकायचं होतं. 😀

काचपट्टी
@साजूक, जामिनावर. खटला चालू आहे.

सरासरी
मी डॉक्टर नाही, आकडेमोड करून पोट भरतो. भावाने वाचलं त्या पद्धतीचे अभ्यास कसे होतात ते सांगतो. एखाद्या रुग्णालयात आलेले मेलानोमाचे रुग्ण घ्यायचे, त्यांचं लिपिड प्रोफाइल आणि ब्रेस्लो जाडी शेजारी शेजारी मांडायची आणि गणित लावायचं. एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड, त्यांची गुणोत्तरं, पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. इतक्या खिडक्या उघडल्यावर एखादीतून वारा येणारच.

दुसरं म्हणजे वय. वाढत्या वयात लिपिड बिघडतं आणि वाढत्या वयात गाठही जाड सापडते. पुरुष बायकांपेक्षा उशिरा डॉक्टरकडे जातात. वजन जास्त असेल तर स्वतःचा तळपाय किंवा पाठ बघणं अवघड. ही सगळी माणसं त्या तक्त्यात एकाच कोपऱ्यात गोळा होतात आणि आपण म्हणतो, चरबीने गाठ वाढवली.

तिसरं, उलटा बाण. मोठा कॅन्सर स्वतःच रक्तातलं कोलेस्टेरॉल खाली आणू शकतो, कारण पेशींना नवी आवरणं बांधायला ते लागतं, शिवाय माणसाची भूक मरते. त्यामुळे एकाच वेळी रक्त काढून आणि गाठ मोजून कोणी कोणाला ढकललं हे कळत नाही.

आता काकांच्या एचडीएलबद्दल. आयसीएमआरचा इंडियाब नावाचा मोठा अभ्यास आहे. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड इथल्या लोकांचे लिपिडचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. तपासलेल्यांपैकी ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी होतं, जवळजवळ ३० टक्के लोकांचं ट्रायग्लिसराइड जास्त. एकही आकडा बिघडलेला नाही अशी माणसं साधारण पाचात एक. म्हणजे सातारा-सांगलीच्या कुठल्याही पारावर बसलेल्या माणसांचं रक्त काढलंत तर असाच रिपोर्ट मिळेल, टाचेवर डाग असो वा नसो.

गवतीचहा
सरासरी, खिडक्यांचं आवडलं. पण धूर आहे तिथे थोडी तरी आग असेल ना? सगळंच गणिताची गंमत म्हणून उडवून लावायचं का?

उत्तरायण
@गवतीचहा, आग आहे. फक्त ती रक्ताच्या रिपोर्टात दिसते त्याच जागी आहे का, हा प्रश्न आहे. मी मेलबर्नला एका प्रयोगशाळेत काम करते. इकडे गोऱ्या कातडीवर हे ऊन, त्यामुळे मेलानोमा घरोघरी माहीत असलेला आजार. चरबीवरचं संशोधन गेल्या काही वर्षांत फार रंगलंय.

मेलानोमा खोल उतरत जातो तेव्हा त्याला खाली काय भेटतं? त्वचेखालची चरबी. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात रिचर्ड व्हाइट यांच्या गटाने झेब्राफिश या छोट्या पारदर्शक माशांत हे बघितलं (२०१८). गाठीशेजारच्या चरबीपेशी आपली स्निग्धाम्लं (फॅटी अ‍ॅसिड) सोडतात आणि मेलानोमाच्या पेशी ती आत ओढून घेतात. ओढून घेण्यासाठी त्यांच्या आवरणावर एफएटीपी नावाची वाहक प्रथिनं असतात. ती अडवली की गाठीची वाढ मंदावते.

त्याआधी २०१७ मध्ये बार्सिलोनाच्या गटाने दाखवलं होतं की दूर जाऊन रुजणाऱ्या कर्कपेशींवर सीडी३६ नावाचं चरबी आत घेणारं दार असतं. उंदरांना चरबीयुक्त आहार दिला, किंवा पेशींना आधी पामिटिक आम्ल हे स्निग्धाम्ल पाजलं, की त्या जास्त ठिकाणी रुजायच्या. दार बंद केलं की रुजणं कमी. मुख्य काम तोंडाच्या कॅन्सरवर होतं, पण मेलानोमाच्या पेशींतही हे दिसलं.

माझ्या आवडीचं काम मात्र २०२० चं, टेक्सासमधल्या शॉन मॉरिसन यांच्या प्रयोगशाळेचं. मेलानोमा रक्तात थेट शिरण्याआधी बहुधा लसिकेत का जातो, हे कोडं होतं. रक्तात कर्कपेशीला मोठा धोका असतो: तिच्या आवरणातली चरबी लोहामुळे गंजते आणि पेशी मरते. या मरण्याला फेरोप्टोसिस म्हणतात. लसिकेत ओलेइक आम्ल भरपूर असतं. पेशी ते आवरणात भरून घेते, आणि ते सहज गंजत नाही. म्हणजे लसिकेतून फिरून आलेली पेशी चिलखत घालूनच रक्तात उतरते. काचपट्टी म्हणाले ती जांघेतली गाठ एवढी महत्त्वाची का, त्यामागचं हे एक कारण.

पण हे सगळं गाठीच्या शेजारच्या चरबीचं, लसिकेतल्या चरबीचं. दंडातून काढलेल्या रक्तातलं ट्रायग्लिसराइड २८४ आहे म्हणून टाचेखालच्या मेलानोमाला जास्त खाऊ मिळतंय, असं यातून निघत नाही.

साजूक
थांबा थांबा. ओलेइक आम्ल म्हणजे शेंगदाणा तेलातलं, ऑलिव्ह तेलातलं? जे हृदयाला चांगलं म्हणून सगळे सांगतात ते?

उत्तरायण
तेच. म्हणूनच प्रयोगशाळेतल्या निष्कर्षावरून स्वयंपाकघरात बदल करू नये. त्या पेशीला ओलेइक आम्ल तुमच्या जेवणातूनच मिळतं असं नाही, शरीर स्वतःही ते बनवतं.

आणखी उलटसुलट ऐका. एपोई नावाचं प्रथिन रक्तातली चरबी वाहून नेतं. त्याच्या ई४ या प्रकाराची बदनामी तुम्ही ऐकली असेल: एलडीएल वाढवतो, अल्झायमरचा धोका वाढवतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात सोहेल तवाझोई यांच्या गटाने २०२० मध्ये उंदरांत बघितलं तर ई४ असलेल्यांचा मेलानोमा सावकाश वाढला आणि ई२ असलेल्यांचा वेगाने. रुग्णांच्या माहितीतही तोच कल. म्हणजे ज्या जनुकामुळे लिपिडचा रिपोर्ट बिघडतो त्याच जनुकाच्या लोकांची मेलानोमात जरा बरी गत. 'कोलेस्टेरॉल वाढलं की कॅन्सर वाढला' हे एका ओळीचं समीकरण इथे मोडतं.

गवतीचहा
बाप रे. मग स्टॅटिनचं काय? शेवंतीच्या भावाची मुख्य मागणी तीच आहे.

सरासरी
स्टॅटिनची गोष्ट मला तोंडपाठ आहे, कारण आकडे कसे फसवतात हे शिकवायला मी ती वापरतो.

१९९८ मध्ये अमेरिकेत, मुख्यतः टेक्सासमध्ये, लोवास्टॅटिनची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ६,६०५ निरोगी माणसं, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना बिनऔषधाची गोळी. हेतू हृदयविकाराचा. पण सुरक्षेसाठी कॅन्सरही मोजले होते, त्यात मेलानोमा औषधवाल्यांत १४ आणि दुसऱ्या गटात २७. निम्मे! लोक हुरळले. प्रयोगशाळेतूनही आधार होता, कारण स्टॅटिन ज्या वाटेवर कोलेस्टेरॉल अडवतं त्याच वाटेवर रास आणि ऱ्हो या प्रथिनांना पेशीच्या आवरणाला चिकटवणाऱ्या शेपट्या तयार होतात. त्या नसतील तर कर्कपेशीची धावपळ थंडावते.

मग सगळ्या स्टॅटिन चाचण्या एकत्र करून बघितल्या. कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा २००५ मध्ये आला. एकत्रित आकड्यांत मेलानोमा टाळण्याचा ठोस फायदा उरला नाही. तेवढी एक चाचणी वेगळी होती, बाकीच्यांत तसं काही नव्हतं.

यानंतर २००७ मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास आला, आणि तो या धाग्याच्या अगदी जवळचा. औषधांच्या दुकानांच्या नोंदी आणि पॅथॉलॉजीच्या नोंदी जोडून बघितलं. स्टॅटिन घेणाऱ्यांना मेलानोमा कमी होत नव्हता, पण झाला तर त्याची ब्रेस्लो जाडी कमी होती. मुद्दा हा की नियमाने स्टॅटिन घेणारा माणूस डॉक्टरच्या समोर नियमाने जातो. त्याचा रक्तदाब मोजताना कोणीतरी हातावरचा डाग बघतं. मग गाठ पातळ राहिली ती गोळीमुळे की दवाखान्याच्या फेऱ्यांमुळे? दोन्ही उत्तरं त्या आकड्यांत बसतात.

शेवंती
सगळ्यांचे आभार, खूप काही कळलं. भावाला लिंक पाठवलीय, तो वाचतोय. त्याचा एक प्रश्न: रिपोर्टात एलडीएचसुद्धा आहे, तेही कोलेस्टेरॉलच का? ते जरा वर आहे.

काचपट्टी
नाही. एलडीएल ही चरबी वाहणारी गाडी, एलडीएच हे पेशीतलं विकर (एन्झाइम). पेशी फुटल्या, थकल्या की ते रक्तात वाढतं. मेलानोमाच्या टप्प्यांत रक्ताच्या ज्या एकाच चाचणीला अधिकृत जागा आहे ती ही, पण तीही आजार दूरच्या अवयवांत पसरल्याचं आधी सिद्ध झालं असेल तरच. जखम चिघळलीय, रक्त काढताना नमुना फुटला असेल, यकृताला सूज असेल, कशानेही ते थोडं वाढतं. एकट्या आकड्यावरून घाबरू नका, स्कॅन काय म्हणतो ते बघा. लिपिड प्रोफाइलला मात्र टप्पे ठरवताना काही स्थान नाही. ते बघून कोणताही कर्करोगतज्ज्ञ टी३बी चा टी२ किंवा टी४ करत नाही.

तळपाय
उशिरा येतोय. त्वचारोगतज्ज्ञ आहे, निमशहरी भागात दवाखाना.

भारतात मेलानोमा दुर्मीळ, वर्षाला लाखात एकापेक्षाही कमी. आणि आपल्याकडे होतो त्यात तळपाय, तळहात, नखाखालच्या प्रकाराचा वाटा फार मोठा. याचा उन्हाशी संबंध नाही, त्यामुळे सनस्क्रीनची चर्चा इथे गैरलागू. बॉब मार्लेला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता तो याच जातीचा. १९७७ मध्ये निदान, १९८१ मध्ये वयाच्या ३६व्या वर्षी गेला. लोकांना वाटलं होतं फुटबॉल खेळताना लागलंय.

भोवरी आणि मेलानोमा यात घोटाळा का होतो? टाचेची कातडी जाड, वर घट्टा धरतो, शेतात चालून भेगा, मातीचा काळा रंग. भोवरी दाबली की दुखते, आणि वरून तासली की आत काचेसारखा पांढुरका गाभा दिसतो. तासल्यावर आत काळा, तपकिरी रंग पसरलेला दिसला, किंवा कडेला शाई सांडल्यासारखा डाग राहिला, तर ब्लेड खाली ठेवायचं आणि तुकडा तपासायला पाठवायचा. नखावर एकच काळी उभी रेघ, रुंद होत जाणारी, आणि रंग नखाच्या बाहेर कातडीवर उतरलेला, हेही तसंच. डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) असेल तर तळपायाच्या रेषांच्या उंचवट्यांवर रंग दिसतो की खाचांत, हे बघतात. उंचवट्यांवर असेल तर काळजीचं. हे जपानी डॉक्टरांनी दाखवून दिलं, त्यांच्याकडेही हाच प्रकार जास्त.

शेवंतीताई, मला एक वेगळंच विचारायचंय. ट्रायग्लिसराइड २८४, एचडीएल ३१, वय ६३. साखर तपासली आहे का? उपाशीपोटीची नाही, तीन महिन्यांची सरासरी, एचबीए१सी? आणि थायरॉइड?

शेवंती
थायरॉइड नॉर्मल. ऑपरेशनआधी उपाशीपोटी साखर बघितली होती, 'थोडी बॉर्डरवर' एवढंच सांगितलं. एचबीए१सी नाही केलं. का?

तळपाय
कारण जास्त ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल ही जोडी बऱ्याचदा मधुमेहाच्या पायरवाने येते. आणि मधुमेह जुना असेल तर तळपाय बधिर होतो. टाचेवर काही वाढतंय, चिघळतंय, आणि माणसाला दुखतच नाही. दुखत नाही म्हणून तो दाखवत नाही. दाखवलं तरी 'शुगरची जखम' म्हणून पट्ट्या बांधत राहतात. तळपायाचा मेलानोमा मधुमेहाचा व्रण समजून महिनोन्महिने ड्रेसिंगवर ठेवल्याचे प्रसंग वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत. काकांना टाच दुखायची का, ते विचारा. चप्पल निसटली तर कळतं का, तेही विचारा.

सरासरी
हे भारी आहे. म्हणजे लिपिड बिघडलेलं आणि गाठ जाड, दोन्ही खरं, आणि मधली कडी चरबी नसून बधिर पाय असू शकते. हा घटक मी माझ्या यादीत घेतलाच नव्हता. तळपायाच्या मेलानोमावर असा अभ्यास करणाऱ्याने पायाची संवेदना तपासून नोंदवली नसेल तर त्याच्या निष्कर्षाला काय अर्थ?

उत्तरायण
+१. आणि युरोप-ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत रुग्ण बहुतेक पाठीवरच्या, पायाच्या पोटरीवरच्या मेलानोमाचे. ते निष्कर्ष उचलून साताऱ्याच्या टाचेला लावणं तसंही जोखमीचं. अ‍ॅक्रल प्रकाराची जनुकंसुद्धा वेगळी. त्वचेच्या नेहमीच्या मेलानोमात जवळपास निम्म्या रुग्णांत ब्राफ जनुकात बदल असतो, अ‍ॅक्रलमध्ये तो बराच कमी आणि किटमध्ये जास्त. शेवंती, ही तपासणी झाली नसेल तर विचारून ठेव.

गवतीचहा
मी मध्ये एक वाचलं होतं की जाड माणसांना मेलानोमाच्या नव्या औषधांचा फायदा जास्त होतो. मग काकूने काकांना उपाशी का ठेवायचं?

उत्तरायण
ते २०१८ चं, लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकातलं. पसरलेला मेलानोमा असलेल्या आणि इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारे उपचार) किंवा लक्ष्यित औषधं घेणाऱ्या रुग्णांत लठ्ठ पुरुष जास्त जगले. बायकांत तसा फरक दिसला नाही, जुन्या केमोथेरपीतही नाही. नेमकं का, यावर अजून भांडणं चालू आहेत. वजन वाढवा असा अर्थ कोणीच काढत नाही, पण उपचारांच्या काळात माणसाला वाळवू नये हे नक्की.

साजूक
म्हणजे भाकरीवर तुपाची धार चालेल?

तळपाय
चमचाभर चालेल, धार नको. ट्रायग्लिसराइडचं बघायचं तर मला तुपाआधी साखरेचा चहा, पोह्यांचा ढीग आणि रात्रीची 'थोडीशी' यांची चौकशी करायची आहे. प्रथिनं वाढवा: डाळ, अंडी, दूध, खात असतील तर मासे. ऑपरेशनमध्ये गाठीभोवती दोन सेंटिमीटर कातडी काढतील, टाचेवर ती जखम भरायला किंवा त्यावर त्वचा बसवायला शरीराला माल लागतो. नुसत्या वरणावर ते व्हायचं नाही.

स्टॅटिनबद्दल: एलडीएल १४८ आणि मधुमेह निघाला तर हृदयासाठी ते द्यावंच लागेल. मेलानोमासाठी म्हणून नाही. ऑपरेशन पुढे ढकलून 'आधी कोलेस्टेरॉल खाली आणू' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

शेवंती
अपडेट. एचबीए१सी ८.६ आलं. तळपाय, तुमचा प्रश्न काकांना विचारला. म्हणाले, टाच कधी दुखलीच नाही, आणि गेल्या पावसाळ्यात पायात काटा मोडलेला तो काकूला दिसला, त्यांना कळलंच नव्हतं. सर्जनना फोन करून सांगितलंय. ऑपरेशन ठरल्या दिवशीच आहे, तोवर इन्सुलिनने साखर आणणार आहेत. जांघेतली गाठ त्याच वेळी काढून तपासतील. ब्राफ-किटचं विचारलं, हो म्हणाले. काकूने काल शेंगदाण्याची चटणी केली.

काचपट्टी
छान. गाठीचा रिपोर्ट आला की इथे टाका, वाचायला मदत करतो. आणि दुसऱ्या पायाचा तळवा, नखं कोणी बघितली का? मधुमेह निघालाच आहे तर दोन्ही पाय बघायला सांगा.